दगड सपाट करायला काच आणि पावडर घ्यावी की डायमंड प्लेट?

धार लावायचा पाण्याचा दगड मधे झिजतो आणि त्याच्यावर लावलेलं रंध्याचं पातंही मग गोलसर होतं, हे धार लावणाऱ्याला सांगायला नको. प्रश्न आहे तो दगड परत सपाट कशावर करायचा हा. मी पाच वर्षं काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर टाकून दगड घासले. गेली तीन वर्षं डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली सपाट पाटी, वापरतोय.

आमचे वडील शहाबादी फरशीवर वाळू-पाणी टाकून दगड घासायचे. काच-पावडर हे त्याचंच पुढचं रूप. उद्यमनगरातल्या दुकानात पावडर सुटी मिळाली, काचवाल्याकडून १० मिमी जाडीचा उरलेला तुकडा आणला, झालं. खर्च म्हणाल तर नसल्यातच जमा. कामही जोरात होतं. दगडावर पेन्सिलीच्या चौकटी मारून घासायला घ्या. कडेच्या रेघा लगेच जातात, मधल्या शेवटी. फक्त काचही हळूहळू मधे झिजते, म्हणून अधूनमधून स्टीलची पट्टी आडवी धरून बघायची आणि काच बदलायची.

हे सगळं मला चालत होतं. नडला तो एक कण.

सागवानी टेबलाच्या फळीवर शेवटचा हात मारायचा होता. त्याआधी ६००० च्या दगडावर (नंबर जेवढा मोठा तेवढे कण बारीक) पात्याची पाठ घासत होतो, तेवढ्यात बारीक 'कर्र' आवाज आला. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा शेजारीच होता. पातं उजेडात धरून म्हणाला, "दादा, ह्यो ओरखडा कशाचा ओ?" ओरखडा थेट धारेपर्यंत गेला होता. त्या पात्यानं रंधा मारला की फळीवर केसाएवढी उंच रेघ उठायची. डोळ्याला दिसायची नाही, नखाला लागायची. पावडर होती ९० ची, बारीक वाळूसारखी. दगड ब्रशनं दोनदा धुतला होता. कण दगडाच्या कडेला राहिला होता, फडक्यात होता की माझ्या नखात, कळलं नाही. पाठ परत १००० पासून घासण्यात सकाळ गेली. असं वर्षभरात तीनदा झालं.

प्लेटवर हिरे निकेलच्या थरात पक्के बसलेले असतात, सुटी पावडर नाहीच. नळाखाली धरायची, दोन मिनिटं घासायचं, धुवायचं. एवढं सोपं झाल्यामुळे मी आता प्रत्येक वेळी धार लावायच्या आधी दगड प्लेटवर फिरवतो, आणि खड्डा पडायची वेळच येत नाही. पावडरीचा पसारा मांडायचा म्हणून 'पुढच्या वेळी बघू' व्हायचं. माझ्या मते खरा फरक इथंच पडतो.

प्लेटलाही खोडी आहेत. बारीक दगड सपाट होत आला की प्लेटला असा चिकटतो की ओढून काढावा लागतो. वाहत्या पाण्याखाली घासलं की त्रास कमी होतो. नव्या प्लेटचे काही हिरे सुरुवातीला सुटतात, म्हणून ती आधी १००० च्या दगडावर वापरून, नीट धुऊन, मगच बारीक दगडाला लावावी. आणि २२० च्या दगडाचा चिखल निकेलचा थर खातो, प्लेट लवकर बोथट होते. तो दगड मी आजही काचेवरच घासतो, तोही मागच्या अंगणात, बाकीच्या दगडांपासून लांब.

महिन्यातून चार पटाश्या आणि एखादा जाड दगड एवढाच कारभार असेल तर पावडर पुरेल, उगाच पैसे घालू नका. पण ६००० च्या पुढचा दगड घेतला असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर मी तरी प्लेटच घ्या म्हणेन. चांगली प्लेट एखाद्या चांगल्या दगडाएवढी महाग पडते, हे खरं. माझी १४० ची आहे, सगळ्या मधल्या-बारीक दगडांना चालते. घेताना दुकानातच तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी आणि तिरकी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून मधे उजेड दिसला तर ती प्लेट घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.