महिन्यांवर आखावं की केसेसवर? ॲनेस्थेशियाची तीन वर्षं

इंदूरच्या एका रुग्णालयात ॲनेस्थेशियाचं, म्हणजे भूलशास्त्राचं, पीजी (पदव्युत्तर शिक्षण) नव्याने सुरू व्हायचं आहे. तीन वर्षांचं रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतली फिरती, कसं बांधावं, असं तिथल्या सहकाऱ्यांनी विचारलं. वाटा दोन आहेत.

पहिली महिन्यांची: दोन महिने जनरल सर्जरी, दोन ऑर्थो, मग लेबर रूम, आयसीयू. तक्ता झटकन तयार होतो, रजाही सोप्या जातात. पण महिना संपला म्हणजे हात बसला असं नाही. एकाच्या ऑर्थोच्या महिन्यात दिवाळी आली, ठरलेल्या केसेस पुढे ढकलल्या गेल्या, तर त्याच्या वाट्याला ब्लॉक (हातापायाची नस बधिर करणारी इंजेक्शनं) किती येणार? कागदावर मात्र त्याचं आणि इतरांचं पोस्टिंग सारखंच.

दुसरी केसेसची. लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, सगळेच भरतात. इथे पुढची पायरी त्यावरून ठरते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात नवख्या रेसिडेंटना (शिकाऊ डॉक्टरांना) इंट्युबेशनमध्ये, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालण्यात, ९० टक्के यश यायला सरासरी ५७ प्रयत्न लागले. सरासरीच ती; कुणाचा हात आधी बसतो, कुणाचा बराच उशिरा. म्हणून आकड्यासोबत शेजारी उभा राहून पाहणारा सीनियर हवाच. ट्यूब जात नाही म्हटल्यावर रेसिडेंट मदतीला हाक मारतो, की लॅरिंगोस्कोप (घसा पाहायचं उपकरण) पुन्हा पुन्हा घालत बसतो? लॉगबुकात हे उमटत नाही. ही वाट सीनियरांचा फार वेळ खाते, आणि सह्या तुंबल्या की लॉगबुकावर विश्वास उरत नाही.

माझा कौल: ओटी (ऑपरेशन थिएटर) केसेसवर, आयसीयू आणि लेबर रूम महिन्यांवर. व्हेंटिलेटर काढण्याची घाई कुठे नडते, हे त्याच पेशंटला रोज पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि तातडीचं सिझेरियन वेळ ठरवून येत नाही, तिथे मुक्कामच ठोकावा लागतो.

तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जायचं असतं. तिथे हाकेच्या अंतरावर चार सीनियर नसतात. त्याआधी स्पायनल (पाठीतून देतात ती भूल) आणि अवघड एअरवेचा (श्वासमार्गाचा) सराव पक्का व्हायला हवा, म्हणून तक्ता त्या तारखेपासून मागे मोजत आखा. शेवटून सुरुवात केली की पहिल्या वर्षात काय बसवायचं ते आपोआप दिसतं.

पीएसी ओपीडी, म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी, मात्र कोणत्याही आराखड्यात पहिल्याच महिन्यापासून ठेवा. रामबागेतल्या आजी ‘उपाशीच आहे हो, फक्त चहा घेतला’ म्हणतात तेव्हा दुधाच्या चहालाही सहा तास का थांबायचं, हे त्यांना न घाबरवता समजावणं रेसिडेंट तिथेच शिकतो.