लेगो मार्व्हल सुपर हीरोज शंभर टक्के केला, आता त्याबद्दल सविस्तर

कथा संपवणं हा या गेमचा सोपा भाग आहे. पंधरा लेव्हल आहेत, मेलात तरी थोडे स्टड, म्हणजे या गेमचे पैसे, सांडतात आणि तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहता. शेवटच्या खलनायकाला, गॅलॅक्टसला, पिटाळलं, पडद्यावरून नावं सरकली, की मेनूतली टक्केवारी बघून बहुतेक जण कंट्रोलर खाली ठेवतात. मी ठेवला नाही. काही महिने रात्रीची कामं आटोपल्यावर थोडं थोडं खेळत आकडा शंभरवर नेला. माझं मत पक्कं झालंय: पूर्ण करण्यासारखा गेम आहे, पण कामाचा क्रम चुकला तर दुप्पट वेळ खातो. २५० गोल्ड ब्रिक, १५० मिनीकिट (प्रत्येक लेव्हलमध्ये लपवलेले दहा), ११ रेड ब्रिक, संकटात सापडलेले ५० स्टॅन ली (मार्व्हलचे प्रसिद्ध लेखक, इथे सोडवायचं पात्र) आणि दीडशेच्या वर पात्रं, हा गोळा करायचा पसारा दिसेल ते उचलत सुटलात तर आवरत नाही.

लिहायला बसायचं निमित्त मात्र कंट्रोलर. लेव्हल सगळ्या संपल्या होत्या, मॅनहॅटन शहरातलं थोडंच काम उरलं होतं आणि नेमकी डावी स्टिक हात न लावता आपोआप सरकायला लागली. सर्व्हिस सेंटरला दिला तर म्हणाले, वॉरंटी आहे पण स्टिक वापराने झिजलीय, ते वॉरंटीत बसत नाही. मग वॉरंटीत बसतं काय? कंट्रोलरची स्टिक वापरायची नाही तर काय करायचं? दोन फेऱ्या मारल्या, मेल लिहिल्या, उत्तर तेच. दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली असती तर नवाच आला असता. मी तो तसाच परत आणला आणि सरकत्या स्टिकवरच पुढे खेळत राहिले. त्यामुळे या गेमच्या उड्डाणाबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. त्याआधी कामाचं.

एक खुलासा आधी. हे सगळं कन्सोल आणि पीसीवरच्या मोठ्या गेमबद्दल आहे, २०१३ साली आलेल्या. २०२१ मध्ये स्विचवर आला तोही हाच. जुन्या हँडहेल्डवर आणि नंतर मोबाइलवर ‘युनिव्हर्स इन पेरिल’ नावाने मिळतो तो वेगळा गेम आहे. त्याच्यासाठी हा लेख वाचून उपयोग नाही.

पहिल्या फेरीत फक्त कथा खेळा. मिनीकिट दिसलं आणि हाताला लागलं तर घ्या, शोधत बसू नका. पहिल्याच लेव्हलला ग्रँड सेंट्रल स्टेशनात तुमच्याकडे हल्क आणि आयर्न मॅन असतात आणि समोर अशा वस्तू दिसतात की ज्यांना हे दोघे हातही लावू शकत नाहीत. ते तुमचं चुकत नसतं, गेमची रचनाच तशी आहे. कथेत ठरावीक पात्रं मिळतात, बाकीचं फ्री प्लेसाठी, म्हणजे तीच लेव्हल हवी ती पात्रं घेऊन पुन्हा खेळण्यासाठी, राखून ठेवलेलं असतं. धातूच्या काही वस्तू मॅग्नेटोशिवाय हलत नाहीत आणि मॅग्नेटो हाती येतो तो पार शेवटाकडे. म्हणजे मधल्या लेव्हलमध्ये पुन्हा पुन्हा फिरून डोकं फोडणं हा शुद्ध वाया गेलेला वेळ.

कथा संपली की लेव्हलकडे वळू नका. आधी डेडपूल हे मार्व्हलचं पात्र. गोल्ड ब्रिक जमत जातात तशा शहरातल्या त्याच्या अकरा बोनस मिशन उघडत जातात आणि प्रत्येकीत एक रेड ब्रिक असते. त्यांतलीच एक डेली ब्यूगल या वर्तमानपत्राच्या इमारतीत आहे. रेड ब्रिक सापडली म्हणजे मिळाली असं नाही, ती नंतर स्टड मोजून विकत घ्यावी लागते. इथे हात आखडता घ्यायचा. पात्रांची टोकन सापडत जातात, किंमत दिसते, एखादं आवडतं पात्र खुणावतं आणि हात चटकन बटणाकडे जातो. घेऊ नका. पहिले स्टड मल्टिप्लायरला, म्हणजे उचललेल्या स्टडची किंमत पटींनी वाढवणाऱ्या रेड ब्रिकला, गेले पाहिजेत.

हिशोब मांडून बघा. रेड ब्रिकमध्ये दुप्पट, चौपट, सहापट, आठपट आणि दहापट असे पाच मल्टिप्लायर आहेत आणि ते एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. २ गुणिले ४ गुणिले ६ गुणिले ८ गुणिले १०, म्हणजे ३८४०. चांदीचा स्टड १० चा, सोन्याचा १०० चा, निळा १,००० चा आणि जांभळा १०,००० चा. पाचही चालू असताना एक जांभळा स्टड उचलला की ३ कोटी ८४ लाख खात्यात. ज्या पात्रासाठी आदल्या आठवड्यात मी रस्त्यावरचे दिवे आणि बाकडी फोडत फिरत होते, ते आता एका जांभळ्या स्टडमध्ये येतं आणि वर उरतात. सगळे मल्टिप्लायर एकदम परवडत नाहीत. दुप्पटचा घ्या, त्यावर चौपटचा कमवा, असं चढत जा. शेवटचे दोन तर जवळजवळ फुकट पडल्यासारखे वाटतात. काटकसर म्हणजे न खर्चणं नव्हे, आधी काय घ्यायचं ते कळणं, हे या गेमइतकं रोकडं मला दुसऱ्या कुठल्या गेमने दाखवलं नाही.

आणि याचा दुसरा फायदा म्हणजे प्रत्येक लेव्हलची ट्रू बिलिव्हरची पट्टी, जी ठरावीक स्टड जमवले की भरते. मल्टिप्लायर लावून फ्री प्लेमध्ये शिरलात की ती सुरुवातीच्या काही मिनिटांतच भरते. मग लक्ष फक्त मिनीकिटवर आणि त्या लेव्हलच्या एका स्टॅन लीवर ठेवता येतं.

लेव्हलमध्ये कुठे काय लागतं हे दोन-तीन लेव्हलमध्ये अंगवळणी पडतं. सोन्याच्या विटा आणि बर्फ वितळवायला ह्यूमन टॉर्च, चांदीच्या विटा उडवायला आयर्न मॅनची क्षेपणास्त्रं, हिरव्या मुठी (हँडल) धरून ओढायला हल्क, कॅमेऱ्यापुढून अदृश्य होऊन जायला ब्लॅक विडो, जाळीतून सरपटायला मिस्टर फँटॅस्टिक, लपलेलं दिसायला आणि जाळं टाकून ओढायला स्पायडरमॅन. धातूला मॅग्नेटो, दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला जीन ग्रे. एवढ्यांवर बहुतांश काम भागतं. अर्धवट सोडून उठायचं असेल तर पॉज मेनूतून सेव्ह करूनच बाहेर पडा, म्हणजे सापडलेलं जमा राहतं.

स्टॅन लीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. पन्नासपैकी पंधरा लेव्हलमध्ये आहेत, उरलेले पस्तीस शहरात विखुरलेले. आवाज खुद्द स्टॅन ली यांचाच आहे. २०१८ साली ते गेले. आज खेळताना गल्लीबोळात कुठेतरी अडकलेला तो चष्मेवाला माणूस सोडवताना प्रत्येक वेळी बरं वाटतं. गेममध्ये गोळा करायच्या बाकी सगळ्या वस्तू कधी ना कधी कंटाळवाण्या झाल्या, हे पन्नास झाले नाहीत. शिवाय पन्नास सोडवले की ते स्वतः खेळायला मिळतात. जाळं टाकतात, डोळ्यांतून किरण सोडतात, हल्कसारखे फुगतात. एकाच पात्रात इतक्या ताकदी असल्यामुळे शहरातलं उरलंसुरलं काम झपाट्याने होतं. म्हणून स्टॅन ली मागे ठेवू नका.

आता उड्डाण. या एका गोष्टीवर मी गेमचे बरेच गुण कापणार होते. उडी मारून पुन्हा उडी दाबली की पात्र हवेत. चढायला वेगळं बटण, उतरायला वेगळं, दिशा स्टिकवर, कॅमेरा दुसऱ्या स्टिकवर. उंच इमारतीच्या कठड्यावर गोल्ड ब्रिक दिसते. तुम्ही समोर येता, थांबायला जाता, पात्र कठड्याच्या पुढे जातं. वळता, कॅमेरा भिंतीत शिरतो. खाली यायचं बटण दाबता, कठडा वीतभर लांब राहतो आणि तुम्ही थेट रस्त्यावर. पुन्हा वर. हवेतल्या शर्यतींमध्ये तर एक चेकपॉइंट हुकला की मागे वळण्यातच वेळ संपतो. जमिनीवर हा गेम इतका सांभाळून घेतो, हवेत मात्र अजिबात नाही. इतकं सुंदर शहर बांधायचं, वर तरंगणारं हेलिकॅरिअर, म्हणजे शिल्ड या संघटनेचं उडतं जहाज, द्यायचं, तिथून थेट मॅनहॅटनवर उडी टाकू द्यायची, आणि मग उडणंच असं ठेवायचं? चिडचिड व्हायची ती याची.

इथपर्यंतचं लिहून झाल्यावर दुसरा कंट्रोलर हाती आला, धाकट्या भावाचा. तोच कठडा, तोच आयर्न मॅन, आणि जरा प्रयत्नात मी कठड्यावर उभी. म्हणून वरच्या परिच्छेदातला निम्मा राग मागे घेते. निम्माच. स्टिक सरकत असेल तर जमिनीवर ते कळतही नाही, कारण चालताना थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. हवेत पात्र आपोआप वाहत जातं आणि आपण गेमला बोल लावतो. तेव्हा उड्डाण अशक्य वाटायला लागलं तर आधी स्टिक तपासा. पीसीवर स्टीममधून खेळत असाल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये डेड झोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम दुर्लक्षित करतो ती मर्यादा) वाढवा, जुना कंट्रोलर बराच काळ चालून जातो. नवा घ्यायच्या आधी हे नक्की करून बघा.

उरलेला निम्मा राग मात्र गेमवरच आहे. कॅमेरा भिंतीत शिरतो तो चांगल्या कंट्रोलरनेही शिरतो. त्यावर मला सापडलेला मार्ग असा: अरुंद जागी समोरून जाऊ नका. आधी जरूरीपेक्षा बरेच वर चढा, थांबा, कॅमेरा खाली वळवून जागा बरोबर पायाखाली आणा आणि मग सरळ उतरा. पुढे जाता जाता उतरायचा मोह टाळा. आणि जिथे जमेल तिथे उडूच नका. इमारतींच्या मधून स्पायडरमॅनने झोके घेत जाणं वेगवानही आहे आणि त्यात मजाही आहे. हवेतल्या शर्यती मी सगळ्यात शेवटी ठेवल्या. तोवर हात बसलेला असतो, आणि त्या सुरुवातीलाच घेतल्यात तर बाकी गेमवरचं मन उडतं.

दोघांनी खेळायचं तर कथा आणि लेव्हल जरूर खेळा, एक जण चांदी फोडतो तोवर दुसरा सोनं वितळवतो. शहरातली शोधाशोध मात्र एकट्याने केलेली बरी, अर्ध्या पडद्यावर कठडे आणि कोपरे नीट दिसत नाहीत. एका अचीव्हमेंटसाठी दुसरा खेळाडू लागतोच: कॅप्टन अमेरिका आणि ह्यूमन टॉर्च एकत्र घ्यायचे. सिनेमात या दोन्ही भूमिका ख्रिस इव्हान्सने केल्यात, हे आठवलं की कारण कळतं. भावाला पाच मिनिटं बसवलं आणि काम झालं.

आकडा शंभरच्या अगदी जवळ येऊन अडकला तर लगेच शहर पालथं घालू नका. आधी पात्रांचं पान उघडून बघा. टोकन सापडलेलं असतं, विकत घ्यायचं राहिलेलं असतं. काटकसरीने खेळणाऱ्यांचं हे हमखास होतं, कारण मल्टिप्लायरपायी मागे ठेवलेली खरेदी नंतर लक्षातच राहत नाही. तीच तपासणी वाहनांची. मग लेव्हल एकेक करून बघा, कुठल्या लेव्हलचे दहा मिनीकिट पूर्ण नाहीत ते तिथे दिसतं. एवढं करूनही एखादी गोल्ड ब्रिक कमी भरत असेल तरच मॅप उघडा, आणि सुरुवात मोठ्या इमारतींच्या गच्च्यांपासून करा.