खिशात व्हर्नियर असून गंडलो

माझा धंदाच बोअर, म्हणजे भोकाचा आतला व्यास, मोजायचा आहे. तो मोजायचं व्हर्नियर कायम खिशात असतं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये 22 वर्षं क्वालिटीला आहे. दहा मायक्रॉन इकडेतिकडे दिसले तरी जॉब बाजूला काढून ठेवतो, त्यावरून सुपरवायझरशी भांडतो. अशा माणसाला एका पंचविशीतल्या पोरानं गाडीच्या सिलिंडरचा बोअर 50 मिलिमीटर सांगून 58 चा विकला. तेही 1 लाख 42 हजारांना. हसायचं असेल तर हसून घ्या, पण यामाहाची जुनी मोटारसायकल, आरएक्स 100, घ्यायचं डोक्यात असेल तर पुढचं नीट वाचा.

मुळात हे खूळ कुठून आलं ते सांगतो, कारण गंडायची सुरुवात तिथूनच झाली. मी आठवीत असताना, म्हणजे 1994 ला, आमच्या चुलतभावाकडे, दादाकडे, मोरपंखी निळी आरएक्स 100 होती. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात दादा आणि त्याची गँग रेस लावायची. हेडलाइट, इंडिकेटर, मडगार्ड सगळं उतरवून घरी ठेवायचं, मागं बटण टायर चढवायचा, सायलेन्सरची जाळी काढून टाकायची, की झाली डर्ट बाईक. खरी डर्ट बाईक कुणी बघितली होती? मासिकातल्या फोटोत. इथं मिळायच्या त्या आरएक्स, येझदी, शोगन, सामुराई. सगळ्या रस्त्याच्या गाड्या, आम्ही त्यांना मातीत घालायचो. बांधाच्या कडेला माझं काम एकच, टूटी ऑईलचा, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनच्या तेलाचा, डबा धरून उभं राहायचं. त्या निळ्या धुराचा वास अजून नाकात आहे. पुढे ताईच्या लग्नात दादानं गाडी विकली.

आता पुतण्याकडे हिरोची एक्सपल्स 200 आहे, खास कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली. पुढच्या शॉकअपला 190 मिलिमीटरचा ट्रॅव्हल, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक. पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला दगडगोट्यातनं तो मला मागं बसवून घेऊन गेला तेव्हा पाठीत एक सणक आली नाही. दादाच्या गाडीवर त्याच्या निम्म्या वाटेत मणका खुळखुळला असता. हे सगळं कळत असून मी घरी येऊन म्हणालोच, ‘‘आताच्या गाड्यांत काय राम नाही.’’ पुतण्या हसला. ‘‘काका, तुम्हाला गाडी नको आहे, आठवी परत पाहिजे.’’ तेव्हा राग आला होता.

मग मोबाईलवर ती जाहिरात दिसली. मोरपंखी निळी, रुंद हँडल, वर उचललेला मडगार्ड, बटण टायर. ‘1988 मॉडेल, ओरिजिनल जपान इंजिन, जुनी रेसची गाडी.’ जपान हा शब्द का चालतो ते नव्या लोकांसाठी सांगतो. 1985 मध्ये आरएक्स 100 आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांत येऊन इथं जोडल्या जायच्या. 1996 ला हे मॉडेल बंद झालं. त्यामुळं जुनी आणि जपान पार्टवाली म्हटलं की भाव कुठल्या कुठं जातो. आरएक्स 135 मात्र पुढेही बरीच वर्षं बनत होती. ती स्वस्तात मिळते, आणि लांबून बघितली तर बहीणच वाटते.

फोन केला. पोराचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. ‘‘काका, तुमच्याकडं आधी होती का आरएक्स?’’ झालं, मी सुटलो. दादा, ऊस, निळा रंग, काढलेली सायलेन्सरची जाळी, सगळं सांगितलं. दोन दिवसांनी गाडी बघायला गेलो तर पोरगं मलाच सांगतंय, ‘‘ही पण उसाच्या रानात रेसला पळलेली गाडी आहे काका, मालक जाळी काढूनच पळवायचे.’’ मला वाटलं, काय योगायोग! माझीच गोष्ट त्यानं मला व्याजासकट परत विकली हे डोक्यात शिरायला महिना गेला. म्हणून सांगतो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आपल्या आठवणींबद्दल चकार शब्द काढू नका. ऐकून घ्या आणि त्यालाच बोलू द्या.

तिथं काय काय दिसलं होतं ते आता एकेक आठवतं. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा सिलिंडर, गरम होता. ‘‘आत्ताच पेट्रोल टाकून आलो,’’ म्हणाला. टू-स्ट्रोक गरम असली की एका किकमध्ये उठते. पिस्टनचा खडखडाट ऐकायचा तर ती गारच पाहिजे. ब्लॉकच्या बाजूला जिथं ‘98 सीसी’ असं ओतीव अक्षरात असतं, तिथं पट्टा गुळगुळीत होता. ग्राइंडर फिरवलेली जागा मी रोज बघतो, तरी मनाशी म्हटलं, पडून घासली असेल. चासीवरचा नंबर हँडलखालच्या हेडपाशी होता आणि त्यावर काळा रंग ताजा चकचकीत. गाडीवर बसून चक्कर मारली तर खालच्या गिअरात अशी ओढ, की अंगावर काटा आला. आता कळतंय, तीच ओढ चोरीची साक्ष देत होती. 98 सीसीत ती येणार कुठनं?

कागदांचं तर विचारू नका. लॅमिनेट केलेलं जुनं आरसी बुक, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 व 30 नंबरच्या फॉर्मवर मूळ मालकाच्या आधीच केलेल्या सह्या. नंबर एमएच 09 चा. आता 1988 मध्ये नोंदलेल्या गाडीला एमएच कुठला? ही पद्धत 1989 मध्ये आली, त्याआधी आपल्याकडे एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढं चार आकडे असायचे, आणि त्या गाड्यांचे नंबर तसेच राहिले. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला इथं एमएच नंबर मिळू शकतो, पण मग त्या राज्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, निघाल्याची नोंद पाहिजे. ती विचारायचं सुचलं नाही. मोबाईलवर नंबर टाकला तर रेकॉर्ड सापडलं नाही. पोरगं शांतपणे म्हणालं, ‘‘जुन्या गाड्या ऑनलाइन चढलेल्या नसत्यात काका.’’ हे खरं आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद नंतर चढवून घ्यावी लागते. खोट्यात असं रुपयातलं चार आणे खरं मिसळलेलं असलं की माणूस पुढचं तपासत नाही.

पैसे 5 हजार टोकन, 40 हजार त्याच्या ‘मेव्हण्याच्या’ नंबरवर, बाकी 97 हजार रोख. पावती नाही. बायको म्हणाली होती, चेक दे. मी म्हटलं, एवढ्या प्रेमानं गाडी देतोय, चेक काय मागायचा.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी नेली, फक्त रिंगा बदलायला. त्यांनी हेड उघडलं, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘तुमच्या खिशात व्हर्नियर असतंय न्हवं? मोजा की.’’ मोजलं. 58.5. मी परत मोजलं, आडवं मोजलं. झिजल्यावर बोअर थोडा मोठा करून घेतात, ते ओव्हरसाइज धरून मूळ बोअर 58. आरएक्स 100 चा बोअर 50 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, तीही 50, त्याचे होतात 98 सीसी. 58 चा बोअर आणि 50 चा स्ट्रोक केला की 132. म्हणजे आरएक्स 135. मिस्त्रींनी एक शब्द बोलून दाखवला नाही, चहा मागवला. तो चहा प्यायला फार वेळ लागला.

तरी मी मनाची समजूत काढली, इंजिन बदललेलं असेल, चासी तर खरी आहे. 15 वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी परत करून घ्यायची म्हणून पासिंगला नेली. तिथं चासीची प्रिंट घेतात. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात. साहेबांनी आधी थिनरच्या बोळ्यानं रंग पुसला. कागद उचलून उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. आकडे एका रेषेत नव्हते, एक 8 दुसऱ्या 8 पेक्षा जाड, आणि दोन आकड्यांच्या मधून खालच्या जुन्या आकड्याचं शेपूट बाहेर आलेलं. पुसून ठोकलेला नंबर. आरटीओच्या रजिस्टरला तो गाडीचा नंबर एका मोपेडचा निघाला. साहेबांनी विचारलं, ‘‘घेताना पेन्सिल नव्हती का तुमच्याकडं?’’ पेन्सिल दोन रुपयांची येते. जुनी गाडी बघायला जाताना न्या, विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

पोलिसांत गेलो. सगळे अजून चारसोबीस म्हणतात, पण जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318 कलम लागतं. अधिकारी वागायला चांगले होते, पण त्यांचा पहिला प्रश्न पैशाच्या पुराव्याचा. माझ्याकडं 45 हजारांचा निघाला, त्यातले 40 ‘मेव्हण्याचे’, आणि तो मेव्हणा म्हणतो मी सुटे पार्ट विकले. पोराचा फोन बंद. वर मलाच दोन तास बसवून विचारलं, की चासी नंबर मी तर ठोकला नाही ना? चोरीच्या गाडीची चासी असेल तर ती ज्याच्या दारात सापडते त्याला आधी उत्तर द्यावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

गाडी जमा झाली. मुद्देमालाची चिठ्ठी हँडलला बांधून झाली आणि एक तरुण हवालदार ती मागच्या आवारात ढकलत निघाला. अर्ध्यात थांबून म्हणाला, ‘‘काका, एक किक मारू काय?’’ मी मान हलवली. पहिल्याच किकला उठली. निळा धूर भिंतीवर चढला आणि तो आवाज घुमला तसे आतून दोघं-तिघं बाहेर आले. त्यातला एक, केस पिकलेला, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, ‘‘आरएक्स काय? ओरिजिनल दिसती.’’