दादरचा ट्रॅव्हल एजंट कोर्स: आठ शनिवार-रविवार, 21,830 रुपये

परळच्या एका कंपनीत एकवीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. जानेवारीत ती नोकरी सुटली. घरच्यांच्या आणि बिल्डिंगमधल्यांच्या सहली आधीपासून मीच आखायचे, म्हणून हेच काम पैसे घेऊन करायचं ठरवलं आणि दादर पश्चिमेचा हा कोर्स केला. फी 18,500, जीएसटी धरून 21,830. पुढे तक्रारही लिहिली आहे, म्हणून संस्थेचं नाव देत नाही.

कोर्समधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिकिटिंग शिकवणारे सर. त्यांनी पहिले दोन दिवस फक्त नावं टाइप करून घेतली. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान समोर आल्याशिवाय एक अक्षरही टाइप करायचं नाही, हा त्यांचा नियम. आपल्याकडे आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्ट लग्नाआधीचा, आणि मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. तेव्हा मला कंटाळा आला होता. मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या मुलीचं दुबईचं तिकीट काढायला बसले. व्हॉट्सॲपवर नाव आलं होतं सासरचं. पासपोर्ट मागवला, तर त्यावर माहेरचं आडनाव. तसंच तिकीट काढलं असतं तर नाव बदलायला पैसे गेले असते, नाहीतर पोरगी विमानतळावर अडकली असती. त्या दोन दिवसांसाठी मी सरांची कायम ऋणी आहे.

गॅलिलिओ या विमानतिकिटांच्या बुकिंग प्रणालीवर दोन आठवडे सराव झाला. घरून सुरुवात करणाऱ्याला तो रोज लागत नाही, कारण आपण एखाद्या बी टू बी पोर्टलचे, म्हणजे एजंटांनाच तिकिटं पुरवणाऱ्या वेबसाइटचे, सब-एजंट होतो आणि त्याला आयाटाची, म्हणजे विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, मान्यता लागत नाही. पण भाड्याचे नियम वाचायची सवय मला तिथेच लागली. रद्द केलं तर किती कापणार, तारीख बदलता येते का, बॅग किती किलोची, हे गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी मी सांगते. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं उलव्याचं विमानतळही सुरू झालंय. त्यामुळे तिकिटावर बीओएम (मुंबईचं जुनं विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे मी फोन करून वाचून दाखवते. गिरगावातल्या माणसाला पहाटे उलवे गाठायचं असेल, तर आदल्या रात्रीच ठाऊक हवं.

रेल्वेबद्दलही सरांनी स्पष्ट सांगितलं. आपल्या वैयक्तिक आयआरसीटीसी खात्यावरून लोकांची तिकिटं काढून पैसे घेणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 143 खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर्गातल्या तिघांचा बेत नेमका तोच होता. रीतसर एजंट झालं तरी तत्काळ सुरू झाल्यावर पहिली तीस मिनिटं एजंटला बुकिंग बंद. गणपतीला कुडाळ-सावंतवाडीची तिकिटं काढून देण्यात पैसा फारसा नाही, पण त्यातून गिऱ्हाईक जोडलं जातं. आगाऊ आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारखा वहीत मांडून ठेवाव्या लागतात.

आता तक्रार. पैशांच्या विषयाला सोळा दिवसांत मिळून एक तास, तोही शेवटच्या रविवारी, प्रमाणपत्रं वाटायच्या घाईत. मला अकाउंट्सची सवय आहे म्हणून निभावलं, बाकीच्यांचं काय? नुसतं तिकीट काढून दिलं तर जीएसटी आपल्या सेवाशुल्कावर 18 टक्के. स्वतः टूर बांधून विकली तर पूर्ण रकमेवर 5 टक्के, आणि त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, सहसा मिळत नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. परदेशी पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करायचा आयकर, घ्यावा लागतो, त्यासाठी गिऱ्हाइकाचा पॅन बरोबर हवा, आणि ती रक्कम त्याला रिटर्न भरताना वळती करून मिळते. एवढं समजावलं तर गिऱ्हाईक भांडत नाही.

वॉलेटबद्दल, म्हणजे पोर्टलवर आपले पैसे ठेवायच्या खात्याबद्दल, तर कोणी चकार शब्द काढला नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने गोव्याची तिकिटं रद्द केली. कापून उरलेले पैसे पोर्टलच्या वॉलेटमध्ये आले, बँकेत नाहीत, आणि तिथून काढताही येईनात. त्यांना मी बचतीतून परत केले. वॉलेटमधले पैसे पुढच्या तिकिटांत वापरून संपायला पाच आठवडे लागले. हातात निदान चाळीस हजार खेळतं भांडवल असल्याशिवाय या धंद्यात उतरू नये, असं माझं मत आहे.

शुल्क मागायलाही शिकवायला हवं होतं. देशातल्या विमानतिकिटांवर कंपनीकडून कमिशन जवळजवळ मिळत नाही, आणि ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना जीभ अडखळते. मी आता सुरुवातीलाच सांगते, "मावशी, एका तिकिटाचे माझे तीनशे रुपये, त्यात बदलाबदलीचे फोनही आले." आजवर एकीनेच नाही म्हटलं.

फी भरायच्या आधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: तिकिटिंग कोण शिकवतं आणि हिशोबाला किती तास आहेत. मी सरांना फोन करून म्हटलं, पुढच्या बॅचला वॉलेट आणि टीसीएसचे तीन तास मी घेते, मानधन नको. त्यांनी रविवारची सकाळ दिली आहे.