१२९६ सालाचा तक्ता: घ्याच, पण एलिचपूर आपल्या हातानं लिहा

बहिरमच्या जत्रेत औंदा रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन परतताना पुस्तकांच्या एका दुकानापाशी थांबलो आणि हा तक्ता घेतला. भिंतीवर टांगायचा, साधारण दाराएवढा, किंमत साडेतीनशे रुपये. वर ठळक अक्षरात फक्त ‘इ.स. १२९६’. त्या एका वर्षात कुठं काय घडलं, कोण कुठं होतं, ते सगळं नकाशावर दाखवलेलं. आमचं गाव अचलपूर (जुनं नाव एलिचपूर) तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. ग्रामपंचायतीमागच्या खोलीत वाचनालय आहे, ते मी बावीस वर्षांपासून सांभाळतो. तक्ता तिथं लागून दोन महिने झाले.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर मोठं आहे. आपल्याकडे माउलींची समाधी एका पुस्तकात असते आणि देवगिरीची लूट दुसऱ्या. दोन्ही मी लहानपणापासून ऐकत आलो, पण एका वर्षात बसवून कधी पाहिल्या नव्हत्या. इथं डावीकडे आळंदी, कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. तिच्याजवळच देवगिरी, रामदेवराव यादव, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी. आमच्याकडे दर एकादशीला पोथी ऐकायला येणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना वाचून दाखवलं तर त्या बराच वेळ तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “व्हय का भाऊ, माउली बसली तवा राज्य असं बुडत होतं?” मग मी त्यांना ज्ञानेश्वरीचा शेवट काढून दाखवला. शके १२१२ मध्ये नेवाशाला लिहिताना माउलींनी याच रामचंद्र राजाचं नाव न्यायानं राज्य करणारा म्हणून घेतलं आहे. मधे फक्त सहा वर्षं गेली.

बाकी जगही भरपूर आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं स्कॉटलंडवर चढाई केली आणि तिथल्या राजांना ज्या दगडावर बसवून राज्याभिषेक करायचे तो दगडच उचलून नेला. (तो परत गेला १९९६ साली, बरोबर सातशे वर्षांनी. हे तक्त्यावर नाही, मी मुलांना सांगतो.) फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा पाया त्याच वर्षी घातला गेला. चीनचा दूत झोउ दागुआन कंबोडियातल्या अंगकोरला पोचला आणि तिथं पाहिलेलं त्यानं लिहून ठेवलं. मुलांना हा माणूस फार आवडला.

आता मूळ तक्रार. अल्लाउद्दीन कडा प्रांताचा सुभेदार, गंगेकाठचा. सुलतान जलालुद्दीन त्याचा चुलता आणि सासराही. चुलत्याला न सांगता तो दक्षिणेत उतरला. तक्त्यावर कडा ते देवगिरी अशी सरळ रेघ ओढली आहे, पाखरू उडत गेल्यासारखी. घोडदळ असं जात नाही. चंदेरी, भिलसा (आजचं विदिशा) करत, सातपुडा ओलांडून तो उतरला एलिचपूरला, म्हणजे आमच्या अचलपूरला. इथं मुक्काम केला आणि अशी वावडी उठवली, की चुलत्याशी पटत नाही म्हणून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालो आहे. त्यामुळे वाटेत कुणी अडवलं नाही. देवगिरीला तो अचानक येऊन धडकला तेव्हा यादवांची मोठी फौज राजपुत्र शंकरदेवासोबत बाहेर गेलेली होती. एवढी सगळी चाल आमच्या अचलपूरच्या आधारानं खेळली गेली आणि तक्त्यावर त्याचं नावसुद्धा नाही. सातवीतल्या एका पोरीनं रेघेवर बोट ठेवून विचारलं, “काकाजी, मंग थो आपल्या अचलपूरवरून गेला नाही काय?” तिला मी काय सांगायचं?

याहून मोठी चूक शरण गेल्यावर रामदेवानं केलेल्या तहात आहे. तक्त्यावर सोनं, मोती, चांदी, रेशीम यांचे आकडे छापले आहेत. ते आकडे फिरिश्ता या फारसी इतिहासकाराचे, आणि फिरिश्ता तीनशे वर्षांनी लिहितो, हे सांगायला हवं होतं. पण त्याच तहात एलिचपूर प्रांताचा दरसालचा वसूलही रामदेवानं कबूल केला, असं तोच फिरिश्ता सांगतो. तेवढंच नेमकं गाळलं आहे. सोनं एकदाच जातं. वसूल म्हणजे शेतातलं पीक, आणि तो दरसाल जाणार होता.

मिठाच्या गोण्यांची हकिकत मात्र छान घेतली आहे. किल्ल्यात धान्य म्हणून घाईनं चढवलेल्या, कोकणातल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या उघडल्या तर आत मीठ निघालं, आणि रामदेवाला शरण जावं लागलं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. त्यानंतरचं दिल्लीचं प्रकरण, म्हणजे जुलैत कड्याला चुलत्याचा खून आणि ऑक्टोबरात गादी, तेही नीट आलं आहे.

चित्रांबद्दल एक सूचना. रामदेवराव आणि अल्लाउद्दीन यांचे चेहरे काल्पनिक आहेत, तसं खाली छापायला पाहिजे होतं. पोरं ते फोटोसारखे खरे मानतात.

कागद जाड आहे, अक्षर लांबून दिसतं. वर चकचकीत थर दिला आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली डोळ्यावर येतो. खालची पट्टी आठवड्यात निघाली, मी खिळा ठोकून बसवली. छापलेल्या नंबरवर चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. जत्रेतल्या दुकानदारानं मात्र माझं पत्र छपाईवाल्यांकडे पोचवतो असा शब्द दिला आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी हा घ्यावा. पाचपैकी साडेतीन देतो. एलिचपूर असतं तर साडेचार दिले असते.

आम्ही घरचीच दुरुस्ती केली. कडा, चंदेरी, भिलसा, एलिचपूर, देवगिरी अशा टाचण्या लावून मुलांनी लाल दोरा बांधला. एलिचपूरच्या टाचणीखाली त्या पोरीनं आपल्या अक्षरात ‘वसूल’ लिहिलं. बोटं लागून लागून तेवढाच कागद मळला होता, त्यावर मी परवा चिकटपट्टी लावली.