नागपूरच्या धरमपेठेतली रविवारची फोटो-बैठक : पाचपैकी चार तारे

आमच्या घरच्या ग्रुपवर मी कुठलाही फोटो टाकला की चार अंगठे, दोन गुलाब आणि नणंदेचं 'व्वा वहिनी' ठरलेलं. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त टाका, नातू टाका, चुकून दाबल्या गेलेला माझ्या चपलेचा टाका. व्वा वहिनी! चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होते मी. खरी नोट नि खोटी नोट दोन्ही एकाच कौतुकाने खिशात घालणाऱ्याचं मत मी कधी धरलं नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा घेऊन दिला आणि वर्षभरात तीन-चार हजार फोटो काढून झाले, तेव्हा वाटायला लागलं की कुणीतरी परक्याने हे पाहावेत आणि खरं काय ते सांगावं.

आधी एका क्लबात गेले. नाव घेत नाही. तिथे पडद्यावर फोटो यायचा, परीक्षक दहापैकी आकडा सांगायचे आणि पुढचा फोटो. मला चार मिळाले. चारच का, विचारलं तर "कंपोझिशन वीक आहे, मॅडम." वीक म्हणजे कुठे, कशाने, हे विचारेपर्यंत पडद्यावर वाघ आला होता. म्हणजे हेसुद्धा नणंदेसारखंच झालं, फक्त छाप उलटी.

तर ही बैठक. धरमपेठेत एका जुन्या स्टुडिओच्या माडीवर भरते. खाली पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम असा नेहमीचा धंदा. वर एक लांब टेबल, आठ खुर्च्या, करकरणारा पंखा. रविवारी सकाळी साडेआठला सुरू. एका वेळचे ३०० रुपये, आठच माणसं घेतात, प्रत्येकाने तीन फोटो आणायचे, तेही छापून. स्टुडिओचे मालकच बैठक घेतात. साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. फिल्मच्या काळात छत्तीस फोटोंच्या रोलवर अख्खं लग्न बसवायचे म्हणे.

त्यांचा नियम एकच आहे. ज्याचा फोटो त्याने पहिली दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं. चांगलं-वाईट नाही, काय दिसतं तेवढंच. सोपं वाटतं ना? माझ्यासारख्या बोलघेवडीसाठी ती दोन मिनिटं म्हणजे वर्षअखेरीच्या हिशेबाची रात्र होती.

पहिल्या रविवारी मी मारबतीचा फोटो नेला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालात मारबतीची, म्हणजे भल्यामोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि सगळा रस्ता 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत असतो. रोगराई ने, महागाई ने, जे नको असेल ते ने. माझं माहेर तिथलंच. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मारबत पाहिलेली, आणि आता पंचेचाळीस वर्षांनी कॅमेरा घेऊन त्याच चौकात उभी. हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं. तोंड बंद.

पहिल्या मुलाने फोटोकडे पाहिलं नि म्हणाला, "निळा ड्रम."

दुसरे म्हणाले, विजेच्या तारा. तिसरी, कॉलेजातली मुलगी, म्हणाली, "पांढऱ्या बनियनमधला माणूस, पाठमोरा, पाठ खाजवून राहिला." चौथ्याने मान तिरपी केली आणि म्हणाला, "मागे काहीतरी पिवळं आहे."

काहीतरी पिवळं! वीस फुटी मारबत, आणि काहीतरी पिवळं! मी खुर्चीचा दांडा धरून बसले. पण फोटो पुन्हा पाहिला तर ड्रम खरंच होता. उजवीकडे खाली, भडक निळा, अर्धा कापलेला. फोटो काढताना तो तिथे होता हे मी देवाशपथ सांगू शकले नसते.

सर म्हणाले, "काकू, ड्रम तुम्हाला दिसलाच नाही, बरोबर?"

"बरोबर."

"मंग त्यात लाज काय? आता दिसला ना." मग त्यांनी विचारलं की बँकेत नोटांचं पाकीट हातात आलं की आधी काय पाहायच्या. मी म्हटलं, कडा. तुकडा जोडलेली नोट कडेवरच सापडते. "तेच करायचं. बटण दाबायच्या आधी डोळा चारही कडांवरून एकदा फिरवायचा. मधलं तर तुम्ही पाहताच." माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीचा असा उपयोग मला कुणी दाखवला नव्हता.

त्यानंतर त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले आणि प्रिंटवर ठेवले. एक वरून सरकवला, तारा गेल्या. दुसरा उजवीकडून आत घेतला, ड्रम गेला, बनियनवाला गेला. अजून आत. आता चौकटीत उरला मारबतीचा एक भलामोठा पिवळा हात आणि त्या हाताच्या खाली, बापाच्या खांद्यावर बसलेला चार-पाच वर्षांचा पोरगा. दोन्ही कानांत बोटं, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं. ओरडत होता की रडत होता, सांगता येत नाही. टेबलावर कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच, आणि माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती.

चौकटीचा जेमतेम पाव भाग उरला होता, म्हणून मला वाटलं आता तो छापता येणार नाही. सरांनी लगेच हिशेब करून दिला. २४ मेगापिक्सेलमधले ६ उरतात, आणि ८ बाय १२ इंची प्रिंटला तेवढे पुरतात. पुरले. तो प्रिंट आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

एक दोष मात्र पुठ्ठ्याने झाकेना. मारबतीचा हात जिथे उन्हात होता तिथे नुसता सपाट पिवळा, रंगाचे फटकारे, कागदाच्या सुरकुत्या सगळं पुसलेलं. मी म्हटलं, कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) तर ठीक दाखवत होता. तिथेच गोम होती. मी बघत होते तो एकत्र आलेख. सरांनी माझ्याच कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख लावून दाखवले, तर लाल पार उजव्या, म्हणजे जास्तीच्या उजेडाच्या, भिंतीला चिकटलेला. पिवळा, केशरी, झेंडू, हळद, असं काही उन्हात असलं की एकत्र आलेख शांत दिसतो आणि आत लाल रंग उतू गेलेला असतो. एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या म्हणाले; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. संत्र्याच्या गावात राहून हे मला आत्ता कळलं, याला काय म्हणावं?

शेवटी ते प्रत्येक प्रिंटच्या मागे दोन ओळी लिहून देतात. एक, काय ठेवायचं. दुसरी, पुढच्या वेळी काय करायचं. माझ्या मारबतीच्या मागे लिहिलंय : 'बापलेक ठेवा. पुढच्या पोळ्याला पाच पावलं डावीकडे उभ्या राहा.' कंपोझिशन वीक आहे हे ऐकून मी घरी जाऊन काय करणार होते? पाच पावलं डावीकडे मला जाता येतं.

माझे बाकीचे दोन फोटो लवकर आटोपले. फुटाळ्याचं पाणी एका बाजूला सांडत होतं, इतकी क्षितिजाची रेघ तिरकी. नातवाचा फोटो सरांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, हा घरच्यांसाठी छान आहे, तिथेच दाखवा. वाईट वाटलं नाही. खरंच तो तिथलाच होता.

दुसऱ्यांचे फोटो ऐकताना जास्त शिकायला मिळतं, हेही लिहून ठेवते. एका इंजिनिअरिंगच्या पोराने सीताबर्डीवरच्या चहावाल्याचा फोटो आणला होता. नवीन ८५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र १.८ वर सताड उघडं (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि मागचं धूसर), मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. आम्ही सगळे वाहवा करायच्या बेतात. दोन मिनिटं कुणालाच सांगता येईना की हा माणूस चहावाला आहे. ठेला नाही, केटली नाही, वाफ नाही, एक दाढीवाला चेहरा फक्त. सर म्हणाले, "लेन्स महाग आहे म्हणून उघडी ठेवलीच पाहिजे असं नाही ना बाबू." शिवाय जवळच्या डोळ्याऐवजी मिशी स्पष्ट आली होती. दीड मीटरवरून या लेन्सने एवढ्या छिद्रावर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, माणूस श्वास घेताना हलला तरी डोळा हातचा जातो. त्याच्या प्रिंटमागे लिहिलं : 'उजेड छान पकडला. ५.६ वर जा, केटली दिसू दे.' पुढच्या रविवारी पोरगा केटलीसकट हजर. चहावालाही खूश, म्हणे, पहिल्या फोटोत माझी केटली कुठे गेली विचारत होता.

आणि वाघ. नागपुरात कॅमेरा आणि वाघ वेगळे काढता येत नाहीत. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, सगळं हाताशी, त्यामुळे आठांतले तीन तरी सफारीच्या जिप्सीतून आलेले असतात. एका गृहस्थांनी बारा बाय अठराचा प्रिंट उलगडला, वाघीण रस्त्यावर, सोबत बछडे. कौतुक सुरू झालं तसे सर शांतपणे म्हणाले, "वाघीण फारच सुंदर आहे. आता फोटोबद्दल बोलू." गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण नंतर पाऊण तास त्यांनी वाघिणीच्या मागच्या जिप्सीच्या बोनेटबद्दल आणि कान कापणाऱ्या कडेबद्दल ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. पाऊण तास एका फोटोला, हे मात्र जास्त झालं. वाघ म्हटला की सरांचाही पाय घसरतो. त्या दिवशी शेवटच्या दोघांना पाच-पाच मिनिटंच मिळाली, पैसे मात्र पूर्ण. पाचांतला एक तारा कापण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण सरांचा मदतनीस. हुशार पोरगा आहे, पण प्रत्येक फोटोवर त्याचं एकच, "मी असतो तर ब्लॅक अँड व्हाइट केला असता." अरे, तू नव्हतास ना! एका रविवारी एका मुलीने आजीचा फोटो आणला, दवाखान्याच्या खाटेवरचा. आजी महिन्यापूर्वी गेलेली. हा लागला वरच्या ट्यूबलाइटबद्दल बोलायला. सरांनी त्याला हाताने थांबवलं आणि मुलीला विचारलं, "तुला यावर काय ऐकायचंय?" ती म्हणाली, "काही नाही. फक्त दाखवायचा होता." सगळ्यांनी नीट पाहिला, प्रिंट हातोहात फिरला, आणि पुढचा फोटो घेतला. हा प्रश्न आधीच विचारला असता तर बरं झालं असतं, पण विचारला.

तिसरी कुरकुर बारीक आहे. छापून आणायला जमलं नाही तर ते टीव्हीवर दाखवतात, आणि तो टीव्ही दुकानात असतो तशा भडक सेटिंगवर आहे. माझ्या नणंदेची मोतिया साडी त्यावर लिंबू झाली. छापूनच न्या. कॅमेऱ्याचा फोटो असेल तर ८ बाय १२, मोबाइलचा असेल तर ६ बाय ८. लॅबवाल्याने गळ घातली तरी ८ बाय १० करू नका, दोन्ही बाजूंनी कापलं जातं, आणि मग कडांवर काय बोलणार? मोबाइलचा फोटो लॅबला व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे वाटेतच गळतात.

जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी कठड्याच्या बाजूने चढावं. बैठक अकराला सुटते म्हणतात, साडेअकरा धरून चला. खाली तर्री-पोह्याचा ठेला असतो, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मागून घ्या, आणि प्रिंट आधी पिशवीत घाला. माझ्या फुटाळ्यावर तर्रीचा डाग पडलाय. क्षितिज तसंही तिरकंच होतं म्हणा.