डीएनए रसायनशास्त्राची पाच दिवसांची कार्यशाळा : एका शिक्षिकेचा अभिप्राय

मे महिन्यात सोलापुरातील एका खासगी प्रयोगशाळेने तरुण संशोधकांसाठी घेतलेल्या डीएनए रसायनशास्त्र व जीन थेरपीच्या कार्यशाळेला मी माझ्या दोन एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींसह पाचही दिवस उपस्थित होते. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेली आमच्याकडची बरीच मुले चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यांकडे वळतात. हा वेगळा विषय त्यांना घराजवळ शिकता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले दोन दिवस उत्तम होते. डीएनएचा तुकडा एकेक अक्षर (न्यूक्लिओटाइड हा घटक) जोडत तयार होतो आणि प्रत्येक अक्षरासाठी चार पायऱ्या लागतात : आम्लाने टोकावरचा ट्रायटिल हा संरक्षक गट काढणे, फॉस्फोरामिडाइट (पुढच्या अक्षराचे जोडणीस तयार रूप) जोडणे, न जोडली गेलेली टोके बंद करणे आणि आयोडीनने ऑक्सिडीकरण करणे. हे चक्र मुलांनी आधी सिरिंजने स्वतःच्या हातांनी चालवले. ट्रायटिल निघताना उतरणारा गडद नारिंगी रंग मोजून जोडणी किती साधली, हे त्यांनी स्वतः काढले. पाण्याचा अंशही या जोडणीला मारक असल्यामुळे अॅसिटोनायट्राइल या द्रावकाची बाटली उघडण्यापूर्वी कूलर बंद करण्याचा नियम होता आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही तो कोणी मोडला नाही. अशी शिस्त पुस्तकातून येत नाही.

जोडणी दर वेळी ९९ टक्के साधली, तरी २० अक्षरांच्या साखळीत सुमारे ८३ टक्के रेणू पूर्ण लांबीचे मिळतात, १०० अक्षरांच्या साखळीत मात्र जेमतेम ३७ टक्के. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रासाठी लागणारा मार्गदर्शक आरएनए (बदलाची नेमकी जागा दाखवणारा रेणू) साधारण १०० अक्षरांचा असतो, हे कळल्यावर वर्गात शांतता पसरली. सिकल सेलवरील पहिल्या क्रिस्पर उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, त्या बातमीमागचे रसायनशास्त्र मुलांना तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले. जीन थेरपी आणि अँटिसेन्स औषध (आरएनएला चिकटणारी छोटी कृत्रिम साखळी) यांतील फरकही एकाच आजाराच्या आधारे नेमका समजावला गेला : स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील नुसिनर्सेन हे अँटिसेन्स औषध (अमेरिकेत मान्यता २०१६) जनुक न बदलता आरएनएची जुळणी सुधारते आणि ते मणक्यातून पुन्हापुन्हा द्यावे लागते, तर २०१९ मध्ये मान्यता मिळालेला जीन थेरपीचा उपचार एएव्ही या विषाणूचा वाहक म्हणून वापर करून जनुकाची कार्यक्षम प्रत एकदाच पोहोचवतो.

माझी तक्रार शुद्धीकरणाबद्दल आहे. उरलेल्या ६३ टक्के अपुऱ्या साखळ्या वेगळ्या करणे हेच या कामातील सर्वांत कठीण कौशल्य असताना एचपीएलसीला (मिश्रणातील रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रतंत्राला) शेवटच्या दिवसाची फक्त दुपार मिळाली. चौदा जण एका यंत्राभोवती उभे राहिले आणि नमुना कोणालाही स्वतः सोडता आला नाही. एक अक्षर कमी असलेली साखळी पूर्ण साखळीला किती चिकटून बाहेर येते, हे आलेखावर स्वतः पाहिल्याशिवाय हे शिक्षण अपुरेच राहते. मी आयोजकांना सहावा दिवस वाढवण्याची आणि एचपीएलसीसाठी चार-चार जणांचे गट करण्याची लेखी विनंती केली आहे. तेवढी सुधारणा झाली, तर पुढच्या मे महिन्यात माझा पूर्ण वर्ग तेथे पाठवीन.